कबूल केलेली मजुरी आणि न्यायाची मजुरी



आजच्या मिस्सामध्ये आपण संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला ऐकला. पहाटे बाजारात जाऊन मजूर आणणारा, नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असता पुन्हा जाणारा तो मालक आपल्याला ठाऊक आहे. या दाखल्यावर मी आजवर बऱ्याच वेळा प्रवचन केले. दर वेळी देवाच्या औदार्याविषयी बोललो आणि मजुरीविषयी कधीच बोललो नाही. यंदा मात्र मजुरीविषयी बोलणे मला भाग आहे. त्याचे कारण आपल्याच चर्चच्या आवारात घडले आहे आणि त्यात पहिली चूक माझी आहे.

गेल्या उन्हाळ्यात आपण हॉलच्या छपराची दुरुस्ती केली आणि मागच्या बाजूची कंपाउंडची भिंत नव्याने बांधली, हे आपल्याला आठवत असेल. तीन कोटेशन्स आली होती. पहिल्या दोघांपेक्षा तिसरे सुमारे ८० हजार रुपयांनी कमी होते. फायनान्स कमिटीने एकमताने तिसरे मंजूर केले व मी सही केली. त्या रविवारी मिस्सानंतर मी ही बचत मोठ्या अभिमानाने जाहीर केली आणि आपण टाळ्या वाजवल्या. देवळाचा पैसा जपून वापरला, याचे मलाही समाधान वाटले होते.

तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या वेळी घमेले उचलणारी एक बाई माझ्या ऑफिसच्या दारात आली. जव्हारकडची होती. तिच्या खांद्यावरचे मूल तापाने फणफणले होते. ती म्हणाली, "फादर, पन्नास रुपये द्या, पोराला औषध आणते. मुकादम शनिवारशिवाय उचल देत नाही." मी शंभर दिले. सहज विचारले, "रोज किती पडतो?" तिने आकडा सांगितला. तो सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा बराच कमी होता. तिचा नवराही तेच काम करत होता आणि त्याला तिच्यापेक्षा शंभर रुपये जास्त मिळत होते. तेवढे सांगून ती औषध आणायला गेली.

ती गेल्यावर मला बरे वाटले. गरजू बाईला मदत केली, असे वाटले. रात्री झोपताना मात्र मनात आले की, मी तिला जे शंभर रुपये दिले ते कोणाचे होते? ज्या ८० हजारांसाठी आपण टाळ्या वाजवल्या, ते कोठून वाचले होते? सिमेंट सगळ्यांना एकाच भावाने मिळते. स्टील आणि पत्रेही तसेच. कोटेशन ज्या ठिकाणी कमी करता येते असे एकच ठिकाण उरते आणि ते म्हणजे माणूस.

दुसऱ्या दिवशी मी कॉन्ट्रॅक्टरला बोलावले. तो शांतपणे म्हणाला, "फादर, तुम्ही ज्या भावात काम दिलंत, त्यात यापेक्षा जास्त बसत नाही. आणि मी कोणावर जबरदस्ती केलेली नाही. नाक्यावर भाव सांगितला, ते तयार झाले, आले." त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. पुढे फायनान्स कमिटीत हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनीही नेमके हेच विचारले, "फादर, तो तयार होता ना? मग अन्याय कुठे झाला?"

हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. आपल्यातील प्रत्येकजण कधी ना कधी हाच प्रश्न विचारतो. घर बांधताना, वाडीत मजूर लावताना, घरकामाला बाई ठेवताना आपण भाव सांगतो, समोरचा मान हलवतो आणि विषय संपतो. दोन शहाण्या माणसांनी राजीखुशीने केलेला व्यवहार अन्यायाचा कसा असू शकेल?

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकवले गेले. त्यात एका जहाजाचे उदाहरण येते. भर समुद्रात वादळ उठते आणि जहाज बुडू लागते. कप्तान स्वतःच्या हाताने लाखमोलाचा माल समुद्रात फेकून देतो. त्याने हे स्वेच्छेने केले का? हात त्याचेच होते, निर्णयही त्याचाच होता. तरी कोणताही माणूस चांगल्या हवामानात आपला माल समुद्रात फेकणार नाही. ॲरिस्टॉटल अशा कृतीला मिश्र म्हणतो. त्या क्षणापुरती ती माणसाची स्वतःची निवड असते, पण एरवी ती त्याने कधीच केली नसती.

आता या उदाहरणात मी थोडी भर घालतो. समजा, त्या वादळात दुसरे एक जहाज जवळ आले आणि त्याचा मालक म्हणाला, "मी तुला वाचवतो, पण तुझा सगळा माल माझा." कप्तान हो म्हणेल, कागदावर सहीही करेल. आपण त्याला राजीखुशीचा सौदा म्हणू का? वादळ त्या दुसऱ्या मालकाने आणले नव्हते, हे खरे आहे. पण दुसऱ्याच्या वादळाचा त्याने भाव लावला. नाक्यावर पहाटे सहाला डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या मागे असेच एक वादळ असते. कोरडी शेती, सावकाराची उचल, आजारी पोर. दहा वाजेपर्यंत कोणी नेले नाही तर दिवस गेला, हे त्याला ठाऊक असते आणि आपल्यालाही ठाऊक असते. तो "हो" म्हणतो ते मजुरी पटली म्हणून नव्हे. "नाही" म्हणणे त्याला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. युरोपातील कारखान्यांत तेव्हा कामगारांची जी दशा होती, ती त्यांच्यापुढे होती. मालक आणि कामगार यांनी मोकळेपणाने करार करावेत, हे त्यांनी मान्य केले. पण कराराच्याही आधीचा एक न्याय असतो, असे त्यांनी बजावले. साध्या राहणीच्या, प्रामाणिक कामगाराला आपले पोट भरता येईल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही होईल या भीतीपोटी त्याने त्याहून कमी कबूल केले, तर तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी आहे, असा त्यांचा निर्वाळा आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महाशयांनी लिओ हे नाव घेतले तेव्हा त्यामागे मुख्यतः हेच परिपत्रक असल्याचे स्वतः सांगितले. म्हणजे हा विषय संग्रहालयात गेलेला नाही.

कोणी म्हणेल, "फादर, हे चर्चचे म्हणणे झाले. व्यवहार वेगळा असतो." म्हणून मी आपल्याच देशातील एक निकाल सांगतो.

१९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यासाठी स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेले अशी बांधकामे घाईने चालू होती. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून हजारो मजूर आणले गेले. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांना या कामांवर पाहणीसाठी पाठवले आणि त्यांच्या अहवालाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. पाहणीत आढळले ते असे. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. कंत्राटदार ती जमादाराच्या हाती देत आणि जमादार माणशी १ रुपया आपले कमिशन म्हणून कापून घेई. मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. बंधू-भगिनींनो, प्रश्न एका रुपयाचा होता. आपण म्हटले असते, एवढे चालायचेच.

न्यायालयाने तसे म्हटले नाही. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायालयाने संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाचा आधार घेतला. हा अनुच्छेद वेठबिगारीला मनाई करतो. वेठबिगार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चाबूक आणि साखळदंड येतात. न्यायालयाने सांगितले की, बळजबरी चाबकाचीच असते असे नाही. भूक आणि गरज याही बळजबरीच आहेत. दुसरा काही पर्याय नाही म्हणून जो माणूस किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत राबतो, तो या अनुच्छेदाच्या अर्थाने वेठीला धरलेला आहे.

लिओ तेरावे यांचे १८९१ चे म्हणणे आणि आपल्या न्यायालयाचे १९८२ चे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाने देवाने दिलेल्या मानवी प्रतिष्ठेपासून सुरुवात केली, दुसऱ्याने भारताच्या संविधानापासून. दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचले. आणि आपली मराठी भाषा तर त्यांच्याही आधी तेथे पोहोचली होती. बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? बिगारी. हा शब्द बिगारीतून, वेठीच्या कामातून आला आहे. रोज तोंडात असलेला हा शब्द कोठून आला याचा मी कधी विचार केला नव्हता.

त्या निकालातील आणखी दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली जबाबदारीविषयी. ही कामे ज्यांच्यासाठी चालली होती त्या सरकारी यंत्रणांचे म्हणणे होते की, मजूर कंत्राटदाराचे, दोषही कंत्राटदाराचा. न्यायालयाने ते मानले नाही. काम ज्याचे आहे, कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारीही त्याची आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्सेरचेन्स' या परिपत्रकात प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद सांगितला होता. कामगाराशी करार करणारा तो प्रत्यक्ष मालक. कामाच्या अटी ज्यांच्या निर्णयांमुळे ठरतात ती सारी माणसे आणि संस्था म्हणजे अप्रत्यक्ष मालक आणि तेही उत्तरदायी आहेत. कॉन्ट्रॅक्टर मला म्हणाला होता, "तुम्ही ज्या भावात काम दिलंत..." तो मला हेच सांगत होता. मजुरीचा आकडा मुकादमाच्या वहीत होता, पण तो माझ्या सहीने ठरला होता.

दुसरी गोष्ट मूलभूत हक्कांविषयी. आपल्याला वाटते की, मूलभूत हक्क म्हणजे नागरिकाने सरकारविरुद्ध वापरायची ढाल. बहुतेक हक्कांबाबत ते खरे आहे. पण वेठबिगारीविरुद्धचा हक्क, अस्पृश्यतेविरुद्धच्या हक्काप्रमाणेच, खाजगी माणसाविरुद्धही चालतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे त्या बाईचा मूलभूत हक्क दिल्लीत बसलेल्या सरकारकडून जसा मोडला जाऊ शकतो, तसा माझ्याकडून, तुमच्याकडून आणि आपल्या पॅरिशकडूनही मोडला जाऊ शकतो. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

आता आपल्या मनात जे आक्षेप येतात, त्यांचा विचार करू.

"फादर, आम्ही काही शेठजी नाही. नोकरी करून, कर्ज काढून घर बांधतो. आम्हालाही परवडत नाही." हे मला मान्य आहे. आपल्या पॅरिशमध्ये अशीच कुटुंबे जास्त आहेत. पण परवडत नाही म्हणून आपण सिमेंटच्या दुकानदाराला कमी पैसे देत नाही. देऊ म्हटले तरी तो घेणार नाही. मग आपण काय करतो? एक खोली कमी बांधतो, लादी साधी घेतो, वरचा मजला पुढच्या वर्षावर टाकतो. हेच येथे का करू नये? आपल्या ओढाताणीचा भार आपण नेमका अशाच माणसावर टाकतो, ज्याला नाही म्हणता येत नाही. पॅरिशचेही तेच झाले. भिंत यंदा अर्धीच बांधता आली असती.

"कमी का होईना, काम तर मिळते. नाहीतर उपाशी राहतील." हा युक्तिवादही न्यायालयात झालेला आहे. राजस्थानात दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांना किमान दरापेक्षा कमी दिले जात होते. सरकारचे म्हणणे होते की, ही दुष्काळातली मदत आहे आणि अशा कामांना कायद्यातून सूट आहे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ज्याने रस्ता बांधला, त्याने श्रम दिले आहेत आणि श्रमांची किंमत भिकेच्या भावाने मोजता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

"मी एकट्याने वाढवून दिले म्हणून काय होणार? शेजारी स्वस्तात काम करून घेतो." या आक्षेपात तथ्य आहे. एकट्याचा चांगुलपणा बाजारापुढे टिकत नाही. जो कॉन्ट्रॅक्टर मजुरांना पुरेसे देतो त्याचे कोटेशन जास्त येते आणि आपण त्याला काम देत नाही. प्रामाणिक माणसालाच शिक्षा होते. म्हणून तर कायदा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. किमान वेतनाचे विधेयक त्या काळात, १९४६ साली मांडले गेले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. पुढे २०१९ मध्ये संसदेने हा व आणखी तीन जुने कायदे एकत्र करून वेतन संहिता संमत केली. नावे बदलली, पण मुद्दा तोच राहिला. सर्वांच्या पायाखाली एक जमीन असावी, म्हणजे स्पर्धा करताना कोणी माणसाला त्याखाली ढकलू शकणार नाही. पण कायदा कागदावर असून भागत नाही. तो पाळला जावा म्हणून नागरिकांना मागणी करावी लागते. न्यायासाठी व्यक्तीचा चांगुलपणा हवा आणि नागरिकाची जागरूकताही हवी. एक असेल आणि दुसरे नसेल तर काम होत नाही.

"आम्ही नाताळात गरिबांना कपडे देतो, धान्य देतो." देतो आणि ते चांगलेच आहे. आपली विन्सेंट दी पॉल सोसायटी मन लावून काम करते. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात एक सावधगिरीची सूचना दिली आहे. आधी न्यायाची मागणी पूर्ण करा, जे न्यायाने देणे आहे ते दान म्हणून देऊ नका, असा तिचा आशय आहे. माझे ते शंभर रुपये आठवा. तिच्या मजुरीतून कापले गेलेले पैसे मी तिला भीक म्हणून दिले आणि वर तिचे आभारही स्वीकारले.

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी देशाला एक इशारा दिला होता. आपण एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करत आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असेल, आणि ही विसंगती फार काळ चालू ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असे त्यांनी सांगितले. ही विसंगती आपल्याला नाक्यावर रोज दिसते. तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या मताची किंमत आपल्या मताएवढीच आहे. पण त्याचे नाव दूरच्या गावातल्या यादीत असते. येथल्या नगरसेवकाला त्याची गरज नसते. त्याची तक्रार ऐकायला कोणी नसते आणि ती कोठे करायची हे त्याला ठाऊक नसते. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या घराकडे चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रेल्वेरुळांवर मालगाडीखाली मरण पावले. लॉकडाऊनमध्ये काम बंद होते आणि घरी जायला वाहन नव्हते. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले, हळहळलो आणि विसरलो. जो माणूस ज्या शहरासाठी राबतो त्या शहरात तो कोणाचाच नसतो, हे त्या दिवशी उघडे पडले होते.

आपल्या भागातील ख्रिस्ती माणूस अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरायला घाबरत नाही. पाण्यासाठी आपण उतरलो, शेतीसाठी आणि झाडांसाठी उतरलो. त्याचा मला अभिमान आहे. पण ते आपले पाणी होते आणि आपली शेती होती. दुसऱ्याच्या हक्कासाठी, आणि तोही आपल्याला चार पैसे महाग पडणारा हक्क असेल तेव्हा, आपण काय करतो, हा खऱ्या नागरिकत्वाचा प्रश्न आहे.

आता पुन्हा त्या द्राक्षमळ्यात जाऊ. पुष्कळदा मालकवर्ग या दाखल्यातील एका प्रश्नाचा आधार घेतो. आपल्या पैशाचे आपल्या मर्जीप्रमाणे करण्याची मुभा मला नाही काय, असे तो मालक विचारतो. पण हे तो केव्हा विचारतो ते पाहा. पहाटे आलेल्यांना ठरलेला पूर्ण दीनार दिल्यानंतर. दीनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी होती, कुटुंबाच्या एका दिवसाच्या गरजेची. उशिरा आलेल्यांनाही त्याने तेवढेच दिले, कारण त्यांच्या घरची चूलही तेवढेच मागत होती. मालकाची मर्जी दीनाराच्या वर सुरू होते. दीनाराच्या खाली त्याला मर्जी नाही. शिवाय संध्याकाळ होताच त्याने मजुरी द्यायला लावली, कारण मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, रात्रभर अडकवून ठेवू नये, हा मोशेचा नियम होता. पैसे कारभाऱ्याच्या हातून गेले, पण कोणाला किती द्यायचे ते मालकाने स्वतः सांगितले. कुरकुर झाली तेव्हा उत्तर द्यायला तो स्वतः पुढे आला. त्याने कारभाऱ्याकडे बोट दाखवले नाही. आणि संत याकोब आपल्या पत्रात तर सांगतात की, अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते.

आपल्या पॅरिशमध्ये पुढे काय झाले तेही सांगतो. फायनान्स कमिटीत दोन बैठका झाल्या. वाद झाला. शेवटी ठरले की, किमान दर आणि दिलेली मजुरी यातील फरक पॅरिशने द्यायचा, पुरुष आणि स्त्रिया यांना सारखाच. कॉन्ट्रॅक्टरकडून हजेरीची वही घेतली आणि जे मजूर कामावर होते त्यांच्या हाती पैसे दिले. पण तोवर काही जण पुढच्या साइटवर किंवा गावी निघून गेले होते. ती जव्हारची बाई आणि तिचा नवराही त्यांत होते. वहीत पूर्ण नाव नाही, फोन नाही. त्यांचे पैसे एका पाकिटात माझ्या कपाटात आहेत.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की, दुसऱ्याचे घेतलेले परत केल्याशिवाय न्याय पूर्ण होत नाही. तो माणूस कसून शोधूनही सापडला नाही, तरच ते गोरगरिबांना द्यावे. कमिटीत कोणीतरी सुचवले की, फादर, ते पाकीट गरीब निधीत टाका म्हणजे विषय संपेल. मला तो मोह झाला होता. पण कसून शोध अजून झालेला नाही. मी जव्हारच्या धर्मगुरूंशी बोललो आहे, नाक्यावरही दोनदा जाऊन आलो. सापडली नाही. कपाट उघडले की पाकीट दिसते आणि दिसलेलेच बरे, असे मला वाटते.

यापुढे पॅरिशच्या कोणत्याही कामाचे कोटेशन मागवताना मजुरीचा दर वेगळा लिहून घेतला जाईल आणि तो किमान दरापेक्षा कमी असेल तर ते कोटेशन उघडून बाजूला ठेवले जाईल, असे पॅरिश कौन्सिलने ठरवले आहे. आपल्यालाही माझी विनंती आहे. घरी काम काढाल तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला एक प्रश्न जरूर विचारा, "बिगाऱ्याच्या हातात किती पडतात?" तो आकडा ऐकून मग सही करा. बाईमाणसाला सारख्या कामाचे सारखे पैसे द्या. घरकामाला येणाऱ्या बाईची सुट्टी आणि पगार यांविषयी एकदा घरात बसून बोला. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या मजुराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी त्याला काम केल्याचा दाखला लागतो. आपल्याकडे काम झाले असेल तर कॉन्ट्रॅक्टरला तो दाखला द्यायला लावा. नोंदणीच्या अर्जात मदत करायला आपल्या युवकांनी दर महिन्याला एक रविवार सकाळ नाक्यावर द्यावी, अशी माझी इच्छा आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी मिस्सानंतर मला भेटावे.

आणि आपल्यापैकी कोणाच्या कामावर त्या काळात जव्हारकडचे जोडपे आले असेल, बरोबर दीड-दोन वर्षांचे मूल असेल, तर कृपया मला कळवा. पाकीट तयार आहे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू